गेला आणि गेलता

दौलत,

काल तुझी तेरवी झाली. वांग्याची भाजी अशी जहाल तिखट झाली होती, की पंगतीतल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांतलं पाणी तुझ्यासाठी होतं की भाजीसाठी, हे कळायला मार्ग नव्हता. माझं तुझ्यासाठी होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तू म्हणणार, "मास्तर, खोटं बोलू नको, तुले तिखट सोसत नाई."

रडू येतं, पण त्याहून जास्त तुझा राग येतो. वाद असा अर्ध्यावर टाकून कुणी जातं का रे? हरत होतास तर तसं म्हणायचंस. इतकी वर्षं या सिंदीत मला भांडायला एकच माणूस होता. आता तुझ्या तिकिटाच्या खिडकीत नागपूरकडचा कुणी नवा बाबू बसतो. भला माणूस आहे, पण काहीही म्हटलं तरी "हो सर" म्हणतो. त्याच्याशी मी काय बोलू?

आज शाळा सुटल्यावर मी ठेसनावर गेलो. घरी जायचं होतं, पण गेलो ठेसनावर. मालधक्क्यावर रुईच्या गाठी लागल्या होत्या आणि हमाल आपले नेहमीसारखे गाठींना टेकून बसले होते. तुझ्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. तुळसामाय बोरांची टोपली घेऊन कडुलिंबाखाली होती. तिनं मला पाहिलं, टोपली बाजूला सारली आणि बस म्हणायच्याही आधी विचारलं, "मास्तर, त्या बुढ्याले त्याचा पोरगा भेटला का नाई?"

ज्या प्रश्नावर तू गोष्ट थांबवून ठेवली होतीस, तो प्रश्न तू माझ्या गळ्यात घालून गेलास. त्याचं उत्तर द्यायचं की नाही, यावरच तर आपलं शेवटचं भांडण होतं.

पहिलं भांडणही आठवतं. तेव्हा आपला वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि मी सिंदीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नुकताच आलो होतो. वर्ध्याचं तिकीट काढताना माझ्या काखेत ग्रीकांच्या त्या जुन्या युद्धकाव्याचं भाषांतर होतं. तू तिकीट द्यायचं सोडून पुस्तकाकडे बघत बसलास. मागे रांग. "लढाईचं हाय का?" म्हणून विचारलंस. मी हो म्हणालो. "कोन जिंकते?" मी म्हणालो, ग्रीक जिंकतात, पण काव्य त्याच्या आधीच संपतं. यावर तू तिकीट माझ्या हातावर ठेवलंस आणि म्हणालास, माझ्याकडचं पुस्तक हरणाऱ्याचं आहे, गाडी गेल्यावर ये.

मी वर्ध्याला गेलोच नाही त्या दिवशी. तिकीट वाया गेलं, ते तू पुढं अनेकदा काढून दाखवलंस.

तुझं पुस्तक म्हणजे कव्हर नसलेलं, दोऱ्यानं बांधलेलं एक इंग्रजी भाषांतर. ब्रह्मदेशातून जिवंत निघालेल्या तुमच्या पलटणीला पुढं जपानात नेऊन ठेवलं होतं, तिथून तू ते आणलेलं. ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच जळक्या गावात आपण बंदुका घेऊन उभे, आणि ते आपल्याला वाकून नमस्कार करतायत, याची तुला लाज वाटायची, हे तू मला सांगितलं होतंस. तिथं एका पडक्या देवळाच्या पायरीवर एक आंधळा म्हातारा चार तारांचं वाद्य घेऊन गात होता. दुभाष्याला विचारलं तेव्हा कळलं, सात-आठशे वर्षांपूर्वीच्या लढाईची गोष्ट आहे. दोन घराण्यांची लढाई, एक घराणं समूळ बुडालं आणि गाणं त्या बुडालेल्यांचं. "मास्तर, भवताली सारं जळेल पडलं होतं, अन् हा बुढा त्याच्या अगोदर जळेल लोकायचं गाणं गाऊन राह्यलता," असं तू म्हणायचास. तेव्हापासून त्या पुस्तकानं तुला धरलं ते धरलंच. शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेक पान वाचत तू ते संपवलंस, आणि संपवून पुन्हा पहिल्यापासून काढलंस.

मग काय, आपलं जुंपलं. मी म्हणायचो, माझे ग्रीक खरे, कारण त्यांचं काव्य एका माणसाच्या रागापासून सुरू होतं. सेनापतीनं अपमान केला म्हणून सगळ्यांत शूर माणूस रुसून तंबूत बसतो आणि त्याच्या रुसण्यापायी शेकडो मरतात. राग मला कळतो, मी स्वतः रागीट आहे. तू म्हणायचास, त्यात काय, आपल्याकडं जावई रोज रुसतात. तुझी गोष्ट देवळाच्या घंटेपासून सुरू होते. घंटा वाजते आणि सांगते की जे जे म्हणून उभं आहे ते जाणार आहे, गर्वानं उभं असलेलं सगळ्यांत आधी. मी म्हणायचो, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच शेवट सांगणारा तुझा कथेकरी कसला? तू म्हणायचास, शेवट सगळ्यायलेच ठाऊक असते, मास्तर, मधातलं सांगाले येते का ते पाहा.

माझ्या काव्यात देव खाली उतरतात, पक्ष घेतात, आपल्या लाडक्याला ढगात लपवून पळवून नेतात. तुझ्यातले देव गप्प. तुझ्या वीरांच्या चिलखताच्या दोऱ्यांचे रंग सांगताना तुझा कवी थकत नाही, माझा कवी एका ढालीवर सगळं जग कोरून ठेवतो. माझ्यात भाला कुठून शिरला आणि कुठून निघाला ते सगळं असतं. ते वाचून तू एकदा पुस्तक मिटवलंस आणि म्हणालास, हे मी पाहून आलो आहे, पुन्हा वाचायची गरज नाही. त्या दिवशी मी वाद घातला नाही. मला वाटतं तेवढ्याच एका दिवशी.

पण एक गोष्ट दोघांच्या पुस्तकात अगदी एक होती आणि ती सापडली तेव्हा आपण दोघं पोरांसारखे खूश झालो होतो. लढाईला भिडण्याआधी माणूस ओरडून आपलं नाव सांगतो. मी अमक्या गावचा, अमक्याचा पोरगा, अमक्याचा नातू. तुझे जपानीही तसेच, माझे ग्रीकही तसेच, एकमेकांचं नाव न ऐकलेले लोक. माझ्यात तर दोघं भाले रोखून उभे राहतात, आजोबांची नावं सांगतात आणि आजोबांची दोस्ती निघते. मग लढायचं सोडून हत्यारांची अदलाबदल करून मोकळे. हे तू मालधक्क्यावर सांगितलंस तेव्हा हमालांत केवढा हशा झाला! "हे तं सोयरे निघाले ना बापा!" म्हणून सगळे मांड्यांवर थापा मारत होते.

मालधक्क्यावर सांगायचं खूळ तुझंच. दुपारची पॅसेंजर गेली की संध्याकाळच्या गाडीपर्यंत तुला काम नसायचं, हमालांनाही नसायचं. एकदा मालगाडी कुठं अडकली, कुणी म्हणालं बाबू काही सांगा, आणि तू माझ्या ग्रीकांचं सुरू केलंस. तुझं नव्हे, माझं. मला आधी बरं वाटलं, मग तुझा डाव कळला. माझे वीर तू वऱ्हाडीत बोलवत होतास. तो रुसलेला महावीर सेनापतीला म्हणतो, "तुले लाज नाई वाटत का बे?" मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगू का, कॉलेजात प्रोफेसरांनी शिकवलं तेव्हा तो वीर मला पुतळा वाटला होता, मालधक्क्यावर तो पहिल्यांदा माणूस झाला. हे मी तुला कधी म्हणालो नाही. आता म्हणतो.

तुळसामाय त्यात कधी येऊन बसली, आठवत नाही. ती अल्लीपूरची, तुझ्याच गावची. तिचा किसना आणि तू एकाच दिवशी पलटणीत भरती झालात. ब्रह्मदेशात नदी ओलांडताना नाव उलटली, त्यात किसना होता. तू दुसऱ्या नावेत होतास. पलटणीकडून 'बेपत्ता' एवढाच निरोप आला आणि त्या एका शब्दावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली. गावात राहवेना म्हणून ठेसनावर बोरं विकायला आली. सगळ्यांना वाटायचं पोटासाठी आली. ती आली होती गाडीतून कोण उतरतं ते पाहायला.

आणि तिची ती बोलायची रीत. आपल्याकडं कुणी नागपूरला गेलं आणि अजून आलं नाही, तर 'गेला' म्हणतात. जाऊन परत घरी आलं, की मग 'गेलता' म्हणतात. तुळसामाय किसनाबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, "माहा किसना लढाईवर गेलता." जणू आला आहे, आत हातपाय धुतो आहे. मी मास्तर माणूस, एकदा माझ्यातला मास्तर जागा झाला, मी तुला म्हणालो, अरे, ती चुकीचं बोलते. तू माझ्याकडं रोखून पाहिलंस. "तिले व्याकरण शिकवू नको," म्हणालास, "तेवढ्या एका शब्दावर बुढी जगून राह्यली."

माझ्या काव्याच्या शेवटाशी तू आलास आणि तिथं आपली ठिणगी पडली. महावीरानं शत्रूच्या राजपुत्राला मारलं, रथाला बांधून फरफटवलं, प्रेत देत नाही. म्हातारा राजा गडावरून ते पाहतो. इथं तू थांबलास. दुसऱ्या दिवशी दुसरंच काही सांगत बसलास. तिसऱ्या दिवशीही. मी तुला खिडकीत गाठलं. म्हणालो, पुढचं सांग. म्हातारा एकटा शत्रूच्या तंबूत जातो, ज्या हातांनी पोराला मारलं त्या हातांचं चुंबन घेतो, दोघं आपापल्या माणसांसाठी रडतात आणि तो पोराला घेऊन परत येतो. याच्याहून थोर जागा जगाच्या साहित्यात नाही आणि तू ती गिळून बसतोस?

तू तिकिटांवर तारीख छापत होतास. वर न बघता म्हणालास, "तिले काय सांगू? त्या बुढ्याले पोराचं मढं भेटलं, तुले नाई भेटलं, असं सांगू?"

मी म्हणालो, गोष्ट आपल्या बापाची नाही, कापायचा हक्क आपल्याला नाही. तू म्हणालास, माणूस गोष्टीहून मोठा. मी म्हणालो, मग तुझा जपानीच सांग, तुझ्यात सगळे समुद्रात बुडतात, ते ऐकून ती काय नाचेल? तू तिकिटांचा खण लावलास. रात्रपाळीच्या बाबूला खिडकी दिलीस आणि घरी गेलास. तिथंच थंडी भरली तुला.

वर्ध्याच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तेव्हा न्यूमोनियानं छाती धरली होती. तुझी बायको पायाशी बसली होती. बोलू नको म्हटलं तरी तू ऐकतोस थोडाच. मला बोटानं जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "मास्तर, तुह्या बुढ्याले माह्या समुद्रापाशी घेऊन येजो." पुढं काही सांगणार होतास, खोकला आला, नर्सनं मला बाहेर काढलं. मला वाटलं तापात बरळतोस. दुसऱ्या दिवशी मी येईपर्यंत तू नव्हतास.

ते वाक्य मी तेरवीपर्यंत डोक्यात घेऊन फिरलो. काही कळेना. आज तुळसामायनं विचारलं तेव्हाही मला ते कळलेलं नव्हतं. खोटं सांगायचं मनात आलं होतं, तुझी शपथ. सांगावं की गोष्ट तिथंच संपते. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

मी सांगितलं. म्हातारा गेला, हात धरले, दोघं रडले, दोघं जेवले. महावीरानं स्वतःच्या माणसांकडून प्रेत धुवून घेतलं, बापाला आधी दिसू नये म्हणून आडोशाला. क्रियाकर्माचे दिवस लढाई बंद ठेवायचा शब्द दिला. भेटला, म्हणालो. त्याला त्याचा पोरगा भेटला.

तुळसामाय मान हलवत होती, चांगलं झालं अशी. मग ती हळूच म्हणाली, "अन् ज्याचं मढंच नाई भेटलं, त्याच्या मायनं काय कराव?"

आणि दौलत, तिथं मला तुझं वाक्य कळलं. मूर्खासारखा मी तिच्यासमोर "अस्सं होय!" म्हणालो. हमाल चमकले. माझ्या ग्रीकांकडं त्या प्रश्नाचं उत्तर नाही. माझ्या काव्यात प्रेत हवं, चिता हवी, वर मातीचा ढीग हवा, तेव्हा कुठं माणूस निवतो. बुडालेल्याचं काय, ते माझे लोक सांगत नाहीत. तुझे सांगतात. तुझ्या गोष्टीत सगळ्यांना समुद्रच मिळतो.

म्हणून मी म्हाताऱ्याला तुझ्या समुद्रापाशी आणलं. समुद्रात होड्यांतून झालेली ती शेवटची लढाई सांगितली. आजी आपल्या नातवाला, त्या पोरसवदा राजाला, कवटाळून पाण्यात उतरते ते सांगितलं. त्या पोराची आईही उडी घेते, पण शत्रू तिला केसांना धरून वर काढतात. तिच्या लेकराचं प्रेत काही कुणी तिला आणून देत नाही. ती डोंगरात एका खोपट्यात राहते. रानातली फुलं आणते, पाणी ठेवते आणि गेलेल्यांची नावं घेते. रोज. पोराचं, आईचं, सगळ्यांचं. तिचं तेवढंच क्रियाकर्म, आणि तुझा कवी म्हणतो ते पोचतं.

सांगताना मी पुस्तकी मराठीत सुरू केलं होतं. मध्येच केव्हा तुझी बोली तोंडात आली, मला कळलं नाही. "तिले तिचं लेकरू नाई भेटलं, पण नाव होतं ना तिच्यापाशी," असं मी म्हणालो. हे तुझ्या पुस्तकात नाही, मी घातलं. गोष्ट कापायची नाही म्हणणारा मी, जोडून बसलो. हस आता.

तुळसामायनं विचारलं, "रोज घेते ती नाव?"

रोज, म्हणालो.

ती बराच वेळ बोरं निवडत बसली. मग म्हणाली, ते लढणारे नाव कसं सांगतात, गावाचं, बापाचं, तसं किसनाचं घ्या. मला तिनं उभं राहायला लावलं. मी शाळेत प्रार्थनेला उभा राहतो तसा धक्क्याच्या कडेला उभा राहिलो आणि ओरडलो. अल्लीपूरचा किसना, सखारामाचा पोरगा, तुळसामायचा पोरगा, लढाईवर गेलता! मुद्दाम तिचाच शब्द वापरला. रुळांच्या पलीकडं बंडीचे बैल दचकले. एक हमाल म्हणाला, अन् दौलतबाबूचं? मग तुझंही घेतलं. अल्लीपूरचा दौलत, लक्ष्मणाचा पोरगा. लढाईवर गेला, एवढंच कसंबसं म्हणालो.

"चुकलं, मास्तर," तुळसामाय म्हणाली. "किसना गेला. दौलत गेलता. तो जाऊन आला, अन् आपल्याले सांगून राह्यलता."

किसना गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं. तिनं टोपलीतली मूठभर बोरं घेऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवली, आपल्या तांब्यातलं पाणी तिथं ओतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

तेवढ्यात घंटा झाली. माझं एक हुकमाचं पान होतं, जे मी तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं आणि कधी टाकलंच नाही. तुझ्या पुस्तकातली घंटा सांगते की सगळं जाणार. पण अरे बाबू, तू जन्मभर ज्या ठेसनावर नोकरी केलीस, तिथं घंटा झाली म्हणजे गाडी येणार असते. याला काय उत्तर होतं तुझ्याकडं?

तुळसामाय टोपली डोक्यावर घेऊन उठली. रोज ती गाडी आली की दारादारांतून उतरणाऱ्यांची तोंडं बघत फिरायची, बोरं विकायची राहून जायची. आज ती सरळ खिडक्यांपाशी गेली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडली, "बोरं घ्या, बोरं! गोड हाय!"